भूल देण्यापूर्वी घाबरलेल्या जनावराच्या नोंदींपैकी कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा?

प्रश्न : कळवा_पशुवैद्य

नमस्कार. मी कळव्यातील एका लहान दवाखान्यात काम करतो. पदवी मिळून फार काळ झालेला नाही. आमच्याकडे स्वतंत्र भूलतज्ज्ञ नाही. शस्त्रक्रिया करणारे वरिष्ठ डॉक्टर, मी आणि एक मदतनीस एवढ्यांवरच काम चालते. बहुतांश शस्त्रक्रिया कुत्र्या-मांजरांच्या निर्बीजीकरणाच्या असतात. अधूनमधून पायोमेट्रा (गर्भाशयात पू होणे), स्तनातील गाठी आणि अपघाताच्या जखमा येतात. भूल देण्यापूर्वी तापमान, हृदयाचे ठोके, नाडी, श्वासाचा वेग, हिरड्यांचा रंग आणि सीआरटी (हिरडी दाबून सोडल्यावर रंग परत येण्यास लागणारा वेळ) तपासून केस पेपरवर लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे.

माझी अडचण अशी आहे की टेबलावर आलेले जनावर शांत असे जवळजवळ कधीच नसते. मे महिन्यात घोडबंदर रोडवरून रिक्षाने आलेला लॅब्राडॉर इतका धापत असतो की श्वास मोजताच येत नाही. त्याचे तापमान १०३ अंश फॅरेनहाइट भरते आणि ठोके १५० लागतात. मांजराचे ठोके सहज २२० च्या घरात असतात. पुस्तकातील मर्यादा पाठ आहेत. परंतु त्या मर्यादेबाहेरचा प्रत्येक आकडा ‘भीतीमुळे’ असे लिहून पुढे जावे, की शस्त्रक्रिया थांबवावी, हे मला अजून खात्रीने ठरवता येत नाही. मालकाने त्या दिवसाची रजा घेतलेली असते आणि जनावर सकाळपासून उपाशी असते, त्यामुळे ‘आज नको’ असे सांगणे अधिकच जड जाते. अनुभवी मंडळींनी आपली पद्धत सविस्तर सांगावी, ही विनंती.


उत्तर : पाचपाखाडी_सर्जन

डॉक्टर, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि तो विचारला जात नाही म्हणूनच पुष्कळ केस पेपरांवर शस्त्रक्रियेआधीचे आकडे अंदाजाने भरलेले दिसतात. मी माझे मत आधी सांगतो आणि मग कारणे देतो. एकट्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. पाच-सहा नोंदी एकमेकींशी जुळतात का आणि थोड्या वेळाने पुन्हा घेतल्यावर त्या कोणत्या दिशेने सरकतात, यावर ठेवावा.

तुमचेच उदाहरण घ्या. ठोके १५० असलेला लॅब्राडॉर शेपूट हलवतो आहे, मांडीच्या आतल्या बाजूची फिमोरल नाडी भरदार लागते, हिरड्या गुलाबी आहेत आणि बोटाने दाबून सोडल्यावर रंग २ सेकंदांच्या आत परत येतो, तर तो बहुधा उत्तेजित झाला आहे. आता तेच १५० ठोके पायोमेट्रा झालेल्या आठ वर्षांच्या कुत्रीत लावून पाहा. ती मान टाकून बसलेली आहे, नाडी बारीक आणि पटकन दबणारी आहे, हिरड्या कोरड्या आणि विटकरी झाल्या आहेत, सीआरटी लांबला आहे. येथे हृदय कमी पडलेल्या रक्ताभिसरणाची भरपाई करते आहे, आणि भुलेच्या औषधाने ती भरपाईच काढून घेतली जाते. तिला आधी सलाईन, प्रतिजैविक आणि वेदनाशामक द्यावे, ठोके खाली येताना आणि नाडी भरताना पाहावे आणि मगच इंडक्शन करावे, म्हणजे भूल सुरू करावी. पायोमेट्रात तापमान पुष्कळदा सामान्य असते, कधी सामान्याहून कमीही असते. तेव्हा ‘ताप नाही’ या एका नोंदीने समाधान मानू नये.

मोजण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. श्वास आधी मोजावा, तोही हात लावण्यापूर्वी. मालक प्रतीक्षा कक्षात बसलेले असताना, जनावर पिंजऱ्यात किंवा पायाशी असताना, थोडे दूर उभे राहून बरगड्यांची हालचाल ३० सेकंद मोजावी आणि दुप्पट करावी. केवळ वेग पाहू नये; पोट जोराने आत ओढले जाते का, मान पुढे ताणलेली आहे का, श्वास घेताना आवाज येतो का, हे त्याच वेळी दिसते. त्यानंतर स्टेथोस्कोप, आणि तो छातीवर असतानाच दुसरा हात फिमोरल नाडीवर. प्रत्येक ठोक्यामागे नाडी लागलीच पाहिजे. ठोका ऐकू आला आणि नाडी चुकली, तर त्या दिवशी ईसीजीशिवाय पुढे जाऊ नये. कुत्र्यांत श्वास आत घेताना ठोके जलद आणि सोडताना संथ होणे हे सामान्य आहे, त्याने घाबरू नये. मांजरात मात्र दवाखान्यात असा चढउतार सहसा ऐकू येत नाही, म्हणून तेथे अनियमित लय गांभीर्याने घ्यावी. तापमान सर्वांत शेवटी घ्यावे, कारण गुदद्वारात थर्मामीटर घातला की नंतरचे सर्व आकडे बिघडतात.

धापणाऱ्या कुत्र्यासाठी सरळ उपाय आहे. त्याला पंख्याखाली किंवा एसीच्या खोलीत, मालकाच्या सोबत, २० ते ३० मिनिटे बसू द्यावे आणि मग पुन्हा मोजावे. उन्हातून आल्यामुळे वाढलेले १०३ अंश या वेळात १०२ च्या आसपास येते. कुत्र्या-मांजरांत साधारण १००.५ ते १०२.५ ही मर्यादा आपण धरतो. विश्रांतीनंतरही १०३ च्या वर राहिले, तर तो ताप समजावा आणि नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलावी.

आपल्या भागात हे विशेष आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण ठाण्या-मुंबईत गोचीड ताप वर्षभर दिसतो. एर्लिकिया कॅनिसमध्ये प्लेटलेट घटतात, बबेसिया गिब्सोनीमध्ये रक्तपेशी फुटतात, आणि दोन्हींमध्ये कुत्रा वरवर खेळता-खाता असू शकतो. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधणे, लसीका ग्रंथी चाचपणे, पोटात प्लीहा मोठी लागते का पाहणे, हिरड्यांवर किंवा पोटाच्या त्वचेवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत का बघणे, या गोष्टींना दोन-तीन मिनिटे लागतात. प्लेटलेट घटलेल्या कुत्रीची स्पे (मादीचे निर्बीजीकरण) करताना काय होते, ते ज्याने पाहिले आहे तो सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताच्या स्मिअरचा (काचेवर पसरलेल्या रक्ताची सूक्ष्मदर्शक तपासणी) आग्रह कधी सोडत नाही.

रजा घेऊन आलेल्या मालकाबद्दल म्हणाल तर, पूर्वतपासणी दोन-तीन दिवस आधी ठेवा. वजन, ठोके, तापमान, रक्त त्या दिवशी झालेले असले की शस्त्रक्रियेच्या सकाळी तुमच्यासमोर त्याच जनावराचे आधीचे आकडे असतात. पुस्तकातील मर्यादेपेक्षा ही तुलना मला अधिक उपयोगी वाटते. आणि थांबवायचे असेल, तर कारण लेखी द्यावे: तापमान किती, कोणती तपासणी हवी, पुढची तारीख कोणती. बहुतेक माणसे कागदावर लिहिलेले कारण मान्य करतात.


उत्तर : ऐरोलीकर_पालक

मी डॉक्टर नाही. परंतु आमच्या डॉक्टरांनी आम्हांला सांगितलेली एक गोष्ट येथे उपयोगी पडावी म्हणून लिहितो. आमच्या बोक्याच्या शस्त्रक्रियेच्या आधी त्यांनी सांगितले होते की तो रात्री गाढ झोपलेला असताना श्वास मोजून लिहून आणा आणि जमल्यास मोबाइलवर चित्रण करा. झोपेत तो आकडा मिनिटाला ३० च्या आत असावा, असे त्यांनी सांगितले. दवाखान्यात बोका इतका फिस्कारत होता की तेथे काही मोजणे अशक्यच होते. त्यांनी घरच्या नोंदी आणि चित्रण पाहूनच श्वासाबद्दलचा निर्णय घेतला. मालकाला काय पाहायचे हे नीट सांगितले, तर तो मनापासून करतो. आम्हांला उलट त्या कामामुळे धीर आला.


उत्तर : खारघर_एबीसी

वरील उत्तर मालक असलेल्या जनावरांना पूर्णपणे लागू पडते. मी भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरण केंद्रात काम करते. आमच्याकडे पूर्वतपासणी नसते, मालक नसतो, इतिहास नसतो. पुष्कळ कुत्र्यांना औषध दिल्याशिवाय हात लावणे शक्य नसते. पशु जन्म नियंत्रण नियम २०२३ नुसार हे काम करताना रोजचा ताण मोठा असतो. तरीही नोंदी घेता येतात, फक्त त्या दोन टप्प्यांत घ्याव्या लागतात.

पहिला टप्पा पिंजऱ्याबाहेरून. कुत्रा जाळीने पकडून गाडीतून आणला की लगेच काही करू नये. त्याला झाकलेल्या, सावलीतल्या पिंजऱ्यात स्थिरावू द्यावे. मग बाहेरूनच श्वास मोजावा, उभे राहताना आणि चालताना पाहावे, नाकाडोळ्यांतून स्राव आहे का, जबडा किंवा पाय थरथरतात का, मादीच्या सडांत दूध आहे का, जननेंद्रियातून रक्त ठिबकते का हे टिपावे. अंग थरथरण्यावरून डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाचा संशय येतो, रक्त ठिबकण्यावरून संसर्गजन्य लैंगिक गाठ लक्षात येते, आणि ज्या मादीची पिल्ले बाहेर उपाशी आहेत ती शस्त्रक्रियेच्या यादीतून वेळेवर वगळता येते. वागण्यात विचित्र बदल, गिळण्यास त्रास किंवा लाळ गळत असेल, तर आकडे घेण्यासाठी जवळ जाऊ नये. रेबीजचा संशय धरून वेगळे ठेवावे. पिंजरा हाताळणाऱ्या प्रत्येकाचे रेबीजचे प्रतिबंधक लसीकरण आधी पूर्ण झालेले असलेच पाहिजे, यात मी कोणतीही सवलत मानत नाही.

दुसरा टप्पा झायलाझिन हे गुंगीचे औषध दिल्यानंतरचा, आणि येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. झायलाझिन आणि त्याच गटातील डेक्समेडेटोमिडीन यांच्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ठोके बरेच खाली येतात. त्यामुळे हिरड्या फिकट दिसतात, सीआरटी लांबतो, ठोके ५०-६० पर्यंत येतात, मध्येच एखादा ठोका गळतो. हे जनावराचे मूळ आकडे नव्हेत. म्हणून कुत्रा हाताळण्यासारखा असेल, तर निदान हिरड्यांचा रंग औषधाच्या आधी पाहून घ्यावा. औषधानंतर पाहिलेल्या फिकट हिरड्यांवरून ‘औषधामुळे’ असे गृहीत धरून एखादा रक्तक्षय झालेला कुत्रा आपल्या नजरेतून सुटू शकतो. शंका आली की आम्ही हिमॅटोक्रिटची (रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाची) एक नळी फिरवतो. कुत्र्यात साधारण ३७ ते ५५ टक्के अपेक्षित असते, आणि त्याहून बरेच खाली आले तर शस्त्रक्रिया त्या दिवशी होत नाही. त्याचप्रमाणे औषधानंतर ठोके कमी दिसले म्हणून लगेच ठोके वाढवणारे अट्रोपिन टोचण्याची सवय चांगली नव्हे. सुरुवातीला रक्तदाब वाढलेला असतो आणि त्याच वेळी ठोके वाढवले की हृदयावरचा भार वाढतो. नाडी, रंग आणि शक्य असल्यास रक्तदाब पाहूनच तो निर्णय घ्यावा.

वजन ही नोंद आपण महत्त्वाच्या लक्षणांत धरत नाही. मात्र माझ्या मते ती त्यांच्याइतकीच आवश्यक आहे. डोळ्यांनी अंदाज केलेल्या १५ किलोच्या कुत्र्याचे खरे वजन ११ भरले, तर त्याला तिसऱ्या हिश्शाहून अधिक जादा औषध गेलेले असते. वजनकाटा शस्त्रक्रियागृहाच्या दारातच ठेवावा.

उन्हाळ्यात पकडलेल्या कुत्र्यांचे तापमान १०४ च्या वरही जाते. झायलाझिनमुळे शरीराची तापमान सांभाळण्याची क्षमता मंदावते, म्हणून अशा कुत्र्याला आधी गार करावे, औषध नंतर द्यावे. उलट पावसाळ्यात भिजलेला कुत्रा तसाच टेबलावर घेतला, तर तासाभरात त्याचे तापमान ९७-९८ पर्यंत उतरू शकते आणि मग भूल उतरण्यास फार वेळ लागतो. अंग कोरडे करणे ही तयारीच आहे.


कळवा_पशुवैद्य

सर्वांचे मनःपूर्वक आभार. श्वास आधी आणि तापमान शेवटी, हा क्रम मी उद्यापासूनच लावतो. पूर्वतपासणीचा दिवस वेगळा ठेवण्याबद्दल वरिष्ठ डॉक्टरांशी बोललो आहे. ते अनुकूल आहेत.

आणखी एक विचारतो. आमच्याकडे पल्स ऑक्सिमीटर आणि रक्तदाबाचे यंत्र असलेला मॉनिटर आहे. परंतु तो भूल दिल्यावरच जोडला जातो. जागृत जनावरात त्याचा उपयोग करावा का? आणि पर्शियन मांजरात हृदयाचा मर्मर (ठोक्यांमधील जादा आवाज) ऐकू आला, बाकी सर्व ठीक असले, तर काय करावे? परवाच अशी एक मांजर समोर आली होती आणि तिची शस्त्रक्रिया सध्या थांबवलेली आहे.


उत्तर : नेरूळ_भूल

थांबवलीत हे योग्यच केलेत. मांजरातील मर्मर फसवा असतो. काही मांजरांत तो निरुपद्रवी असतो, तर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी (हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार) असलेल्या काही मांजरांत तो ऐकूच येत नाही. पर्शियन आणि मेन कून या जातींत या आजाराचा विचार मनात असावाच. मर्मरसोबत घोड्याच्या टापांसारखी तिहेरी लय ऐकू आली, झोपेतला श्वास ३० च्या वर असला किंवा लय अनियमित असली, तर इकोकार्डिओग्राफीशिवाय (हृदयाच्या सोनोग्राफीशिवाय) नियोजित शस्त्रक्रिया करू नये. मालकाला खर्च परवडण्यासारखा असेल, तर नुसता मर्मर असतानाही इको करून घेण्याचा सल्ला मी देतो. या मांजरांत केटामाइन या भुलेच्या औषधाने ठोके वाढतात आणि जाड झालेल्या हृदयाला भरायला वेळ मिळत नाही, म्हणून औषधांची निवडच बदलते. तोंड उघडे ठेवून श्वास घेणारे मांजर समोर आले, तर तपासणीही बाजूला ठेवावी, ऑक्सिजन द्यावा आणि त्याला शांत राहू द्यावे.

मॉनिटरबद्दल. जागृत जनावराचा रक्तदाब जरूर मोजावा, विशेषतः वृद्ध, मूत्रपिंडाचा आजार असलेल्या आणि रक्त गमावलेल्या जनावरांत. पट्ट्याची रुंदी पायाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के असावी. पट्टा अरुंद असला तर आकडा खोटाच वाढीव येतो, रुंद असला तर कमी. पहिला आकडा सोडून द्यावा, पुढचे चार-पाच घेऊन सरासरी काढावी. भुलेखाली सरासरी दाब ६० मिमीच्या खाली जाऊ देऊ नये हे आपल्याला शिकवलेले असते. पण जागेपणीचा दाब माहीत असला, तरच टेबलावरची घसरण किती मोठी आहे हे कळते. एक इशारा देणे आवश्यक वाटते. बोटाला लागणारी नाडी ही वरच्या आणि खालच्या दाबांमधील फरक दाखवते, त्यामुळे भरदार नाडी म्हणजे चांगला रक्तदाब असे दर वेळी ठरत नाही.

पल्स ऑक्सिमीटरची चिमटी जागेपणी जिभेवर बसणार नाही; ओठ, कान किंवा मादीत योनीच्या कडेवर लावून पाहावी. पग, शिह त्झू यांसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांत साध्या हवेवर ९५ च्या खाली आकडा स्थिर राहत असेल, तर कारण शोधावे. या जातींना इंडक्शनपूर्वी ३ ते ५ मिनिटे मास्कने ऑक्सिजन द्यावा. कारवान आणि मुधोळ हाउंड तुमच्याकडे येत असतील, तर थायोपेंटोन हे भुलेचे औषध टाळावे. अंगावर चरबी कमी आणि औषधाचे विघटन मंद, यामुळे त्यांची भूल फार लांबते.

उपाशी ठेवण्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून सांगते. अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत निरोगी प्रौढ कुत्र्या-मांजरांसाठी ४ ते ६ तास पुरेसे मानले आहेत आणि पाणी काढून घेऊ नये असे म्हटले आहे. ८ आठवड्यांखालील पिल्लांसाठी तर १ ते २ तासच. आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवलेले पिल्लू सुस्त दिसले, तर आधी ग्लुकोमीटर लावा. सशांना उपाशी ठेवतच नाहीत.


उत्तर : पाचपाखाडी_सर्जन

नेरूळच्या डॉक्टरांनी फार चांगले लिहिले आहे. त्यात एवढीच भर घालतो की नोंदी इंडक्शनला संपत नाहीत. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात झालेल्या मोठ्या पाहणीत भूल आणि गुंगीशी निगडित मृत्यूंचे प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के आढळले. निरोगी कुत्र्यांत ते ०.०५ टक्के होते, तर आजारी कुत्र्यांत १.३३ टक्के, म्हणजे आजारी जनावर आधी ओळखणे, ज्याबद्दल आपण येथे बोलत आहोत, तेथेच सर्वांत मोठा फरक पडतो. त्याच पाहणीत मांजरे आणि ससे यांच्यातील निम्म्याहून अधिक मृत्यू शस्त्रक्रिया संपल्यावर झाले आणि त्यांतील बहुसंख्य पहिल्या ३ तासांतले होते. ज्या मांजरांची नाडी पाहिली जात होती आणि ज्यांना पल्स ऑक्सिमीटर लावला होता, त्यांच्यात धोका कमी दिसला.

म्हणून तुमच्या केस पेपरवर रकाने असे आखावेत: पूर्वतपासणी, शस्त्रक्रियेची सकाळ, प्रीमेडनंतर (भुलेआधीच्या औषधानंतर), इंडक्शननंतर दर ५ मिनिटांनी, आणि श्वासनलिकेतील नळी काढल्यानंतर जनावर स्वतःहून डोके उचलून छातीवर बसेपर्यंत दर १० मिनिटांनी. शेवटचा रकाना मदतनीसही भरू शकतो. त्याला तापमान, श्वास आणि हिरड्यांचा रंग पाहायला शिकवा, आणि कोणत्या आकड्याला तुम्हांला हाक मारायची ते त्याच कागदावर वर लिहून ठेवा. तापमान १०० च्या खाली असेपर्यंत जनावर पिंजऱ्यात एकटे सोडू नये. मालकाला घरी नेण्याची वेळ सांगताना घड्याळाकडे पाहू नये, या रकान्याकडे पाहावे.